आधी इसार की आधी बँक? घर शोधण्याआधी होम लोनची 'प्री-अप्रूव्हल' का घ्यावी आणि ती कुठे अपुरी पडते?

हिंगोलीहून वाशिमकडे निघालं की मराठवाडा संपायच्या बेताला कनेरगाव नाका लागतं. अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ याच वाटेनं जातो. गाव हिंगोली जिल्ह्यात, पण वाशिम जिल्ह्याची हद्द अगदी जवळ. त्यामुळे इथल्या कुटुंबाला घर घ्यायचं असेल तर सहसा तीन पर्याय असतात. गावातच घ्यायचं, हिंगोलीत घ्यायचं किंवा हद्द ओलांडून वाशिममध्ये घ्यायचं.

पर्याय कुठलाही असो, अशा गावांमध्ये व्यवहाराचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. घर पसंत पडतं. मध्यस्थ दोन्ही बाजूंना बसवतो. भाव ठरतो. चार माणसांसमोर इसार दिला जातो आणि स्टॅम्प पेपरवर इसार पावती होते. त्यानंतर खरेदीदार कागद घेऊन बँकेत जातो.

आणि तिथे त्याला कळतं की आपल्याला वाटलं होतं तेवढं कर्ज मिळणार नाही. किंवा कर्ज मिळेल, पण या घरावर मिळणार नाही. तोपर्यंत इसाराचे दोन-तीन लाख समोरच्याच्या हातात गेलेले असतात आणि खरेदीखताची तारीख जवळ आलेली असते.

हा क्रम उलटा करायचा एक मार्ग आहे. तो म्हणजे घर शोधण्याआधीच बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घेणं, ज्याला सगळे 'प्री-अप्रूव्हल' म्हणतात. पण ही मंजुरी नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेतलं नाही तर तिचाही उपयोग होत नाही.

हा विषय आत्ताच का?

२०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा कमी केला. वर्षाच्या सुरुवातीला ६.५० टक्के असलेला दर डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. त्यामुळे या कपातीचा परिणाम हप्त्यांवर दिसला आणि कर्जाच्या जाहिरातीही वाढल्या.

याच काळात अनेकांच्या मोबाइलवर एक मेसेज येत असतो, "अभिनंदन! तुमचं २५ लाखांचं होम लोन प्री-अप्रूव्ह झालं आहे." हा मेसेज वाचून घर बघायला निघणारे कमी नाहीत. गोंधळ इथूनच सुरू होतो.

'प्री-अप्रूव्ह्ड' या एका शब्दाचे तीन अर्थ

पहिला अर्थ मोबाइलवरच्या मेसेजचा. ही फक्त जाहिरात असते. तुमच्या खात्यातली उलाढाल बघून बँकेने काढलेला तो अंदाज असतो. कागद तपासलेले नसतात आणि बँकेवर कसलंही बंधन नसतं.

दुसरा अर्थ खऱ्या प्री-अप्रूव्हलचा. तुम्ही अर्ज करता, पगाराच्या स्लिपा किंवा आयकर विवरणपत्रं देता, बँक तुमचा सिबिल अहवाल काढते आणि पत्र देते की अमुक रकमेपर्यंत, अमुक दराने, अमुक मुदतीचं कर्ज तुम्हाला देता येईल. हे पत्र साधारण तीन ते सहा महिने चालतं.

तिसरा अर्थ प्रकल्पाचा. हिंगोली किंवा वाशिमसारख्या शहरात एखादा बिल्डर सांगतो, "आपला प्रोजेक्ट बँकेकडून अप्रूव्ह्ड आहे." म्हणजे त्या बँकेने त्या प्रकल्पाचे कागद आधी तपासलेले आहेत. पण त्याचा तुमच्या कर्जाशी संबंध नाही. प्रकल्प मंजूर आणि ग्राहक नामंजूर, असंही होतं.

थोडक्यात, दुसरी मंजुरी माणसाची असते आणि तिसरी मिळकतीची. कर्जाचा चेक निघायला दोन्ही लागतात.

अमेरिकेत घर विकणारा बोलणी सुरू करण्याआधीच खरेदीदाराकडे बँकेचं असं पत्र मागतो. तिथे ही पहिली पायरी आहे. आपल्याकडे सुविधा आहे, पण छोट्या गावांत ती मागणारे थोडे.

बँक माणसाचं काय तपासते?

तीन गोष्टी. उत्पन्न किती, आधीचे हप्ते किती आणि परतफेडीची सवय कशी.

उदाहरणानं बघू. समजा एखाद्याच्या हातात महिन्याला ४०,००० रुपये येतात. बँका साधारणपणे उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंतचे हप्ते मान्य करतात. वरची मर्यादा धरली तर हप्त्यासाठी २०,००० रुपये उरतात. पण त्याच्यावर आधीच मोटरसायकल आणि मोबाइलचे मिळून ५,००० रुपयांचे हप्ते चालू आहेत. मग घरासाठी उरले १५,०००.

८ टक्के दराने २० वर्षांसाठी एक लाख कर्जाचा हप्ता सुमारे ८३६ रुपये बसतो. म्हणजे १५,००० रुपयांच्या हप्त्यात जवळपास १८ लाखांचं कर्ज बसतं. तेच जुने हप्ते आधी फेडून टाकले, तर २०,००० च्या हप्त्यात जवळपास २४ लाख बसतात. मोटरसायकलच्या हप्त्यामुळे घराचं बजेट सहा लाखांनी बदलू शकतं.

वयाचाही फरक पडतो. नोकरदाराला बँक सहसा निवृत्तीपर्यंतचीच मुदत देते. याच माणसाच्या नोकरीची १५ वर्षं उरली असतील, तर एक लाखाचा हप्ता सुमारे ९५६ रुपये होतो आणि १५,००० रुपयांत १५ लाख ७० हजारांच्या आसपासच कर्ज बसतं.

हा हिशोब घर बघण्याआधी झाला तर माणूस १८ लाखांचं कर्ज झेपेल अशीच घरं बघतो. इसार दिल्यावर झाला तर उरलेल्या रकमेसाठी सावकार, दागिने आणि नातेवाईक अशी धावपळ सुरू होते.

तिसरी गोष्ट सिबिलची. हा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. गावाकडे तो बिघडण्याची दोन कारणं नेहमी सापडतात. एक म्हणजे थकलेलं पीक कर्ज. दुसरं म्हणजे जामीनदारी. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहून सही केलेली असते. त्याने हप्ते थकवले की ती थकबाकी जामीनदाराच्या अहवालातही दिसते. अनेकांना हे कर्ज नाकारलं गेल्यावरच कळतं.

देशात अशा चार संस्था आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडूनही वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करता येते. ३० दिवसांत ती मिटली नाही, तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घर शोधण्याआधी हातात चार-सहा महिने असतील, तर ही चूक दुरुस्त होऊ शकते. इसार दिल्यानंतर तेवढा वेळ नसतो.

उत्पन्न शेतीचं असेल तर?

हिंगोली जिल्हा हळदीचा. सोयाबीन आणि हळदीचा पैसा दर महिन्याला येत नाही, हंगामात येतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे अनेक शेतकरी विवरणपत्र भरत नाहीत. त्यामुळे बँकेला दाखवायला कागद नसतो. उत्पन्न खरं असतं, पण सिद्ध होत नाही.

अशा वेळी सातबारा, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या आणि मालाचे पैसे थेट खात्यात जमा झाल्याच्या नोंदी उपयोगी पडतात. माल रोखीने विकला असेल तर बँकेच्या लेखी ते उत्पन्न नाहीच. घरात कुणी शिक्षक, एसटीत किंवा दवाखान्यात नोकरीला असेल, तर त्याला सहअर्जदार करून उत्पन्न एकत्र धरता येतं. प्री-अप्रूव्हलचा अर्ज केला की कुठला कागद कमी पडतोय, हे एक-दोन हंगाम आधी कळतं. पुढच्या मोसमात पट्ट्या जपून ठेवता येतात.

पत्र हातात आलं, तरी घर कुठे अडतं?

प्री-अप्रूव्हलच्या पत्रात खाली एक अट असते. मिळकतीची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी समाधानकारक झाली तरच कर्ज मिळेल. शहरातल्या फ्लॅटसाठी ही अट बऱ्याचदा सहज पार पडते. कनेरगाव नाक्यासारख्या गावात मात्र खरी परीक्षा इथेच असते.

पहिला अडथळा नमुना ८ चा. गावठाणातल्या घराचा कागद म्हणून बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. मालकीचा निर्णायक पुरावा म्हणून तो चालत नाही. त्यामुळे अनेक बँका फक्त त्यावर कर्ज देत नाहीत. काही गृहवित्त कंपन्या देतात, पण त्यांचा व्याजदर बँकांपेक्षा बरेचदा जास्त असतो.

यावर उपाय म्हणून केंद्राची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून प्रत्येक घराला मिळकत पत्रिका द्यायची, अशी ही योजना. १८ जानेवारी २०२५ ला देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त मिळकत पत्रिकांचं वाटप झालं. या पत्रिकेवर कर्ज मिळावं, हा योजनेचा एक जाहीर हेतूच आहे. म्हणून गावठाणातलं घर घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की मिळकत पत्रिका निघाली आहे का आणि त्यावर विकणाऱ्याचंच नाव आहे का. भूमी अभिलेख कार्यालयात ते तपासता येतं. वडिलांचं नाव असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणीही येतात.

दुसरा अडथळा गुंठ्यांच्या प्लॉटचा. महामार्गालगतच्या गावांत शेतातच प्लॉट पाडलेले दिसतात. तुकडेबंदी कायद्यानुसार २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायती जमिनीचं किमान क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. त्यापेक्षा लहान तुकड्याची खरेदी अडते. या अटी सैल करण्याचे निर्णय सरकारने घेतले आहेत. पण आपला गट त्यात बसतो का, हे तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये विचारूनच ठरवावं लागतं. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेल्या प्लॉटवर बँक कर्ज देत नाही.

तिसरा अडथळा सातबाऱ्यावरच्या एका ओळीचा. तिथे 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. इनाम, वतन आणि सरकारने वाटप केलेल्या जमिनी यात येतात.

इथे हद्दीचा मुद्दा येतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोलीचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि वाशिमकडचा भाग स्वातंत्र्यापर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात. राज्य बदललं, तसे जमिनीचे कायदे आणि दफ्तरंही वेगळी राहिली. मराठवाड्यात जुनी मालकी शोधताना खासरा पत्रक आणि पहाणी पत्रक काढावं लागतं, मदतमाशसारख्या इनाम जमिनी सापडतात. विदर्भातल्या शहरांत नझूलच्या पट्ट्याच्या जागांचा प्रश्न येतो. बँकेचा वकील साधारण १३ ते ३० वर्षांचा शोध घेतो आणि गरज पडली तर आणखी मागे जातो. म्हणून कनेरगावच्या माणसाने वाशिममध्ये घर बघितलं, तर तिथले कागद वाचणारा वकील बघावा. हिंगोलीतला अनुभव तिथे पुरेल असं नाही.

किमतीचा खड्डा

समजा कागद स्वच्छ आहेत. प्री-अप्रूव्हल १८ लाखांची आहे आणि घराचा सौदा २५ लाखांचा. खरेदीदार धरून चालतो की सात लाख जमवले की झालं.

पण बँक कर्ज देताना आपल्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत बघते. त्याने घराची किंमत १८ लाख काढली तर? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. ३० ते ७५ लाखांसाठी ही मर्यादा ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के आहे. म्हणजे या घरावर जास्तीत जास्त १६ लाख २० हजार मिळतील. उरलेले ८ लाख ८० हजार खिशातून. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का असते, जास्तीत जास्त ३० हजार. साधारणपणे हा खर्च कर्जात धरला जात नाही. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

अनेक सौद्यांत विकणारा म्हणतो, "कागदावर १५ लाख दाखवू, बाकीचे रोख द्या." असं केलं की बँक १५ लाखच धरते आणि कर्ज आणखी खाली येतं. शिवाय घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

कर्ज नाकारलं तर इसार परत मिळतो का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर बहुतेकदा खरेदीदाराच्या विरोधात जातं.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ७० लाखांच्या सौद्यातला ७ लाखांचा इसार जप्त झाल्याचं प्रकरण आलं होतं. रक्कम करार पाळण्याची हमी म्हणून दिली असेल आणि जप्तीची अट स्पष्ट लिहिली असेल, तर खरेदीदार चुकल्यास विकणारा ती ठेवून घेऊ शकतो, असं न्यायालयाने सांगितलं. ती रक्कम फक्त किमतीचा एक भाग असेल तर मात्र जप्त करता येत नाही. मे २०२५ मध्ये साडेपंचावन्न लाखांच्या सौद्यात खरेदीदाराने दिलेले २० लाख परत मागितले होते. तिथेही निकाल त्याच्या विरोधात गेला.

म्हणजे सगळा खेळ इसार पावतीवरच्या शब्दांचा आहे. "बँकेने दिलं नाही" हे कारण पावतीत लिहिलेलं नसेल तर ते विकणाऱ्यावर बंधनकारक नाही. आणि गावाकडच्या पावतीत मुदत चुकली तर इसार बुडेल, हे वाक्य हमखास असतं.

बिल्डरकडून फ्लॅट घेताना थोडं संरक्षण आहे. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. गावातल्या जुन्या घराला किंवा प्लॉटला हे कवच नाही.

गाव की शहर, सबसिडीचं गणित वेगळं

सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये गृहकर्जाच्या व्याजावर सबसिडी आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत लाभ मिळतो. तो पाच वार्षिक हप्त्यांत येतो. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही मुख्य अट.

पण ही योजना शहरांसाठी आहे. कनेरगाव नाका ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतं. तेच कुटुंब हिंगोली किंवा वाशिम शहरात घर घेईल तर अर्ज करू शकतं, गावात घेईल तर नाही. घर कुठे बघायचं हे ठरवतानाच हा फरक बँकेत विचारून घ्यावा.

प्री-अप्रूव्हलचे तोटे नाहीत का?

आहेत. काही बँका अर्जाबरोबर प्रोसेसिंग फी घेतात आणि घर नाही मिळालं तर ती परत मिळेलच असं नाही. एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज केले तर प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि स्कोअर खाली येऊ शकतो. पत्राची मुदत संपली की कागद पुन्हा द्यावे लागतात. व्याजदरही तोच राहील याची खात्री नसते.

आणखी एक तोटा कागदावर दिसत नाही. बँक १८ लाख देते म्हणून १८ लाख घ्यायलाच हवेत, असं वाटायला लागतं. बँक हप्ता बघते. मुलीचं शिक्षण, आईचं औषध आणि पाऊस न पडलेलं वर्ष तिच्या हिशोबात नसतं.

मग क्रम काय असावा?

१. घर शोधण्याच्या सहा महिने आधी सिबिल अहवाल काढा. चुका, थकबाकी आणि जामीनदारी तपासा.

२. छोटे हप्ते आधी संपवा. मग एक-दोन बँकांतच प्री-अप्रूव्हलचा अर्ज करा. फी परत मिळते का, हे लेखी विचारा.

३. पत्रातल्या रकमेत आपली बचत मिळवा, त्यातून नोंदणीचा खर्च वजा करा. उरेल तेवढ्याच किमतीची घरं बघा.

४. घर पसंत पडलं की इसाराआधी कागदांच्या झेरॉक्स मागा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, फेरफार, आधीचं खरेदीखत. त्या बँकेच्या वकिलाला दाखवा. विकणारा झेरॉक्सच देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

५. इसार कमीत कमी द्या आणि खात्यातून द्या. पावतीत एक वाक्य घाला, "मिळकतीच्या कागदपत्रांमुळे किंवा बँकेने कर्ज नामंजूर केल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत केली जाईल." मुदत बँकेला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त ठेवा.

६. कर्जाचा करार करण्याआधी मुख्य तथ्य पत्रक मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून कर्जाचा वार्षिक दर किती पडतो, हे लिहिलेलं असतं.

अशी तयारी करणारा खरेदीदार भाव करतानाही वरचढ ठरतो. विकणाऱ्याला पैसे वेळेवर हवे असतात आणि बँकेचं पत्र दाखवणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो.

चार माणसांसमोर दिलेला शब्द गावात आजही मोठा मानला जातो. पण त्या शब्दामागे बँकेचा पैसा असेल, तर तो देण्याआधी बँकेला विचारलेलं बरं. प्री-अप्रूव्हल तुमची ऐपत सांगते, घराची नाही. म्हणून आधी बँक, मग कागद आणि शेवटी इसार.